पहिली खरेदी: .३०८ची काडतुसं स्वतः भरू पाहणाऱ्या एका नवख्याचं प्रकरण

हे प्रकरण चाळिशीतल्या एका नेमबाजाचं आहे. त्यांच्याकडे परवान्याच्या दोन बंदुका होत्या: लांब पल्ल्याच्या लक्ष्यावर मारायची .३०८ विंचेस्टर कॅलिबरची बोल्ट-ॲक्शन रायफल आणि क्लबच्या स्पर्धांसाठी ९ मिमीचं पिस्तूल. झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या ते फेकून न देता डब्यांत साठवत आले होते. पुंगळी हा काडतुसाचा सगळ्यात महाग आणि पुन्हा वापरता येणारा भाग, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते बरोबरही आहे. आता प्रायमर (पुंगळीच्या बुडात बसणारा, ठोका बसताच दारू पेटवणारा छोटा तुकडा), बंदुकीची दारू आणि गोळी विकत आणून त्याच पुंगळ्या परत भरायच्या, असा बेत होता.

माझ्याकडे ते आले तेव्हा खरेदीची यादी तयार होती. सगळ्यात वर प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे एका ओढीत अनेक कामं करणारं काडतूस भरायचं यंत्र. त्याखाली दारू आपोआप मोजून देणारा इलेक्ट्रॉनिक डिस्पेन्सर, स्टीलच्या पिना घालून पुंगळ्या धुणारा ओला टंबलर आणि पुंगळीची मान तापवून मऊ करणारं ॲनीलिंग यंत्र. वजनकाट्यापुढे लिहिलं होतं, ‘आहे घरी’. लांबी-जाडी मोजायच्या कॅलिपरचं नावच नव्हतं. पुस्तकाच्या जागी ‘नेटवर बघता येईल’ असा शेरा.

आधी कागदपत्रं विचारली. त्यांच्या परवान्यात स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरण्याची मुभा होती आणि दारू व प्रायमर घरी किती ठेवता येतील याची मर्यादाही लेखी होती. बऱ्याच देशांत काडतूस भरणं म्हणजे काडतूस बनवणंच धरतात आणि परवान्याशिवाय तो गुन्हा ठरतो. ज्याच्या हातात असा कागद नाही, त्याच्यासाठी अवजारांची चर्चा इथेच संपते.

दुसरा प्रश्न विचारला: महिन्याला किती गोळ्या झाडता? रायफलच्या साठेक, पिस्तुलाच्या दोनशेच्या आसपास, असं उत्तर आलं. तिसरा प्रश्न, हे सगळं कशासाठी? “पैसे वाचवायला,” ते म्हणाले, मग जरा थांबून, “आणि रायफलचा ग्रूप छोटा व्हावा म्हणून.” ग्रूप म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा. या दोन उत्तरांतलं दुसरं मी धरलं. स्वस्तात भरायला लागलेला माणूस सहसा तेवढ्याच पैशांत जास्त गोळ्या झाडतो, खिशात काही उरत नाही. पण एकाच रायफलच्या चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) बेतलेलं, दर वेळी सारखंच भरलेलं काडतूस कारखान्याच्या साध्या मालापेक्षा नेमकं बसतं, आणि तो फायदा त्यांना खरोखर हवा होता.

आधी कुठलं काडतूस

पिस्तुलापासून सुरुवात करा, ते सोपं, असा सल्ला नवख्यांना सर्रास मिळतो. त्यात तथ्य आहे. सरळ अंगाच्या पुंगळीला कार्बाइडची डाय (पुंगळी दाबून आकारात आणणारा साचा) चालते, म्हणून वंगण लावावं लागत नाही, आणि कापून लांबी सारखी करण्याचं कामही बहुधा टळतं. रायफलची पुंगळी बाटलीच्या घडणीची. तिला खांदा असतो, मान असते, ती ताणली जाते, वंगणाशिवाय डायमध्ये घातली तर अडकून बसते.

तरीही मी त्यांना .३०८ आधी घ्या म्हटलं, आणि कारण दारूच्या आकारमानात आहे. .३०८ मध्ये योग्य जातीची दारू पुंगळीचा बराचसा भाग भरून टाकते. चुकून दोनदा ओतली गेली तर ती तोंडातून बाहेर सांडते, आंधळ्यालाही कळावं इतकं. पिस्तुलाच्या झटपट जळणाऱ्या दारूचं प्रमाण इतकं थोडं असतं की दुप्पट भरलं तरी पुंगळीत मावतं, वर गोळीही नीट बसते, आणि वरून पाहून काही समजत नाही. .३८ स्पेशल हे तर याचं ठळक उदाहरण. मूळचं काळ्या दारूच्या जमान्यातलं काडतूस, पुंगळी ऐसपैस, आणि आजच्या धूरविरहित दारूचा तळाशी जेमतेम थर. सोपं म्हणून नवख्याच्या हाती तेच दिलं जातं, याचं मला कायम नवल वाटतं. उलट चूकही तितकीच वाईट. दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फाटते. घाईच्या पिस्तुल स्पर्धेत अर्धवट आवाज लक्षात न येण्याची शक्यता जास्त.

म्हणून ठरलं: पहिलं वर्ष फक्त .३०८. पिस्तुलासाठी तोवर कारखान्याचीच काडतुसं.

प्रेस

प्रेस तीन तऱ्हेचे. सिंगल स्टेजमध्ये एका वेळी एकच डाय बसते. पन्नास पुंगळ्या आधी सगळ्या साइझ करायच्या, म्हणजे दाबून पुन्हा मापात आणायच्या, मग डाय बदलून पुढचं काम. टरेटमध्ये वर फिरती चकती असते, तीत तीन-चार डाय एकदाच लावून ठेवायच्या आणि चकती फिरवत एकच पुंगळी शेवटपर्यंत न्यायची. प्रोग्रेसिव्हमध्ये खालची थाळी फिरते. प्रत्येक डायखाली एकेक पुंगळी असते, आणि दांडा एकदा ओढला की सगळ्या स्थानकांवरची कामं एकदम होऊन एक तयार काडतूस बाहेर पडतं. ढोबळ मानाने सिंगल स्टेजवर तासाला पन्नासच्या आसपास, टरेटवर दीडशे-दोनशे आणि प्रोग्रेसिव्हवर चारशे-पाचशेपर्यंत काडतुसं होतात. अर्थात हे आकडे सरावलेल्या हाताचे आहेत.

त्यांचा युक्तिवाद होता, “सर, शेवटी तोच घ्यायचा तर आत्ताच का नको?” तो अगदीच चुकीचा नव्हता. पण महिन्याला साठ रायफल काडतुसं म्हणजे सिंगल स्टेजवर दोन निवांत संध्याकाळी. वाचवायला वेळच नव्हता. शिवाय प्रोग्रेसिव्हवर एकाच ओढीत चार-पाच गोष्टी घडतात आणि नवख्याला त्यातली एकही नीट दिसत नाही. प्रायमर बसला का, दारू पडली का, मान दबली का, यातलं काही बिघडलं तर दांड्याला लागणारा जोर किंचित बदलतो. तो बदल ओळखायचा तर आधी प्रत्येक कामाचा वेगवेगळा जोर हाताला माहीत हवा. आणि रायफलच्या पुंगळीला साइझ केल्यावर बाहेर काढून मोजावं, कापावं लागतंच. म्हणजे प्रोग्रेसिव्हची साखळी तिथे तुटतेच.

टरेटचा विचार मात्र गंभीरपणे केला. चकती फिरू न देता तो सिंगल स्टेजसारखाही वापरता येतो, आणि पुढेमागे पिस्तूल आलं की तयार. विरोधात एकच मुद्दा होता: फिरत्या चकतीत थोडा का होईना ढिलेपणा असतो, आणि त्यांचा सगळा हेतू एका रायफलचा ग्रूप छोटा करण्याचा. चांगल्या टरेटमध्ये हा ढिलेपणा नगण्य असतो, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. शेवटी बिडाचा, बंद चौकटीचा सिंगल स्टेज ठरला. बंद चौकट म्हणजे इंग्रजी ओ अक्षरासारखी चारही बाजूंनी जोडलेली. पुढून उघडी, सी आकाराची चौकट हाताला सोयीची, पण रायफलची पुंगळी साइझ करताना जोर लागतो आणि उघडी चौकट किंचित वाकते. शिवाय असा बिडाचा प्रेस पुढे कितीही मोठी यंत्रं आली तरी अडगळीत जात नाही. जुने प्रायमर पाडायला, चुकलेली गोळी उपसायला तो टेबलावर राहतोच.

कंपनीचा फार खल केला नाही. आरसीबीएस, ली, हॉर्नडी, लायमन, रेडिंग, सगळ्यांच्या सिंगल स्टेजमध्ये ७/८ इंच व्यासाची, इंचाला १४ आटे असलेली डाय बसते, त्यामुळे एकाची डाय दुसऱ्याच्या प्रेसमध्ये बसते. गफलत होते ती शेलहोल्डरच्या नंबरात. पुंगळीच्या बुडाची कड पकडणारा हा छोटा तुकडा, आणि त्याचे नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे. .३०८ ला आरसीबीएसचा ३ नंबर लागतो, लीचा २, हॉर्नडीचा १. दुकानात नंबर सांगू नका, कंपनी आणि काडतूस दोन्ही सांगा.

किट घ्यावं की सुटं, हाही प्रश्न आला. बहुतेक किटमध्ये प्रेस, काटा, दारू मोजायचं भांडं, नरसाळं, वंगण, प्रायमर बसवायचं हत्यार असं मिळतं. पण डाय आणि शेलहोल्डर सहसा नसतात, कॅलिपर नसतो, पुंगळी कापायचं हत्यार कधी असतं कधी नसतं. किट स्वस्त पडतं हे खरं. मात्र किटमधली सगळ्यात हलकी वस्तू बऱ्याचदा काटाच निघतो. म्हणून सुटं घ्यायचं ठरवलं.

वजनकाटा, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला

त्यांच्या घरी होता तो सोनारकामाचा इलेक्ट्रॉनिक काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. “याहून बारीक काय हवं?” त्यांनी विचारलं. आम्ही कागदावर हिशेब मांडला. दारूचं वजन सहसा ग्रेनमध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, ७००० ग्रेनचा १ पौंड, आणि १ ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन. भरण्याच्या कामाला ०.१ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम, इतका बारकावा लागतो. त्यांच्या काट्याचा शेवटचा आकडा एकाने हलतो तेव्हा १० मिलिग्रॅमचा, म्हणजे ०.१५ ग्रेनचा फरक पडतो. म्हणजे दिसायला दोन दशांश स्थळं असलेला तो काटा प्रत्यक्षात गरजेपेक्षा भरड होता.

त्याहून मोठी अडचण एककाची. पुस्तकातला आकडा ग्रेनमध्ये, काट्याचा ग्रॅममध्ये, आणि मधे दर वेळी गुणाकार-भागाकार. त्या काट्याला ग्रेन दाखवायचं बटणही होतं, पण त्याच बटणावर ग्रॅम आणि कॅरट फिरून येत. १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, ३.०८६ ग्रेन. बोट चुकून लागलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर पाहायचं राहिलं, तर आकडा तोच दिसेल आणि दारू तिप्पट पडेल. .३०८ मध्ये ती सांडेल, पुढे पिस्तुलात सांडणार नाही.

मग दोन पर्याय उरले. ग्रेनमध्ये मोजणारा, याच कामासाठी केलेला डिजिटल काटा, किंवा दांडीचा काटा. डिजिटल झटपट वाचता येतो. त्याच्या पोटातला सेन्सर मात्र तापमानाबरोबर सरकतो. चालू केल्यावर काही वेळ तापू द्यावा लागतो, पंख्याच्या झुळकीने आकडा हलतो, शून्य मधूनमधून तपासावं लागतं. दांडीचा काटा गुरुत्वाकर्षणावर चालतो, बॅटरी लागत नाही, सेन्सर नसल्यामुळे सरकणंही नाही. चांगल्या काट्यात दांडीची थरथर थांबवायला चुंबक असतो. तोटे दोन: तो हळू आहे, आणि दांडीवरचं मोठं वजन चुकीच्या खाचेत बसलं तर चूक दशांशाची न होता थेट ५ किंवा १० ग्रेनची होते.

यावर उपाय दोन्ही काट्यांना एकच: तपासणीची वजनं. ठरावीक ग्रेनचे धातूचे लहान तुकडे, डबीत चिमट्यासकट मिळतात. जेवढी दारू मोजायची तिच्या जवळपासचं वजन पारड्यात ठेवायचं, काटा खरं बोलतोय का पाहायचं, मग कामाला लागायचं. ही डबी त्यांच्या मूळ यादीत नव्हती. मी म्हटलं, प्रेसचा दर्जा एक पायरी उतरवावा लागला तरी चालेल, पण ही घ्या. प्रेस फार तर वेळ वाचवतो. काडतूस हातात धरण्याजोगं आहे की नाही ते दारूच्या वजनावर आणि पुंगळीच्या मापांवर ठरतं, आणि ती दोन्ही मोजणारी अवजारं नवख्यांच्या यादीत नेमकी तळाला असतात. त्यांनी दांडीचा काटा आणि वजनांची डबी घेतली. सोनारकाट्याची या कामातून रजा झाली.

आपोआप मोजणारा डिस्पेन्सर यादीतून गेला. दारू आकारमानाने टाकणारं हातदांड्याचं भांडंही पहिल्या वर्षी नको म्हटलं. ही भांडी वजन मोजत नाहीत, एका पोकळीत मावेल तेवढी दारू टाकतात. गोल दाण्यांची दारू त्यातून पाण्यासारखी उतरते, पण .३०८ ला आवडीने वापरतात ती बारीक कांड्यांची दारू कडेला अडकते, कापली जाते, आणि दर वेळी वजन थोडं इकडेतिकडे होतं. साठ काडतुसांसाठी छोटा चमचा आणि ट्रिकलर पुरतो. चमच्याने वजनाच्या जरा अलीकडे दारू टाकायची आणि ट्रिकलरची कांडी फिरवत शेवटचे दाणे एकेक सोडायचे.

पुंगळी मोजणं

कॅलिपर हे दुसरं मोजमापाचं अवजार. १५० मिमीचा, ०.०१ मिमी दाखवणारा साधा डिजिटल कॅलिपर पुरेसा. .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिमी, आणि कापून ती साधारण २.००५ इंचावर आणतात. झाडताना आणि साइझ करताना पितळ पुढे वाहतं आणि मान लांबत जाते. मर्यादेपलीकडे लांबलेली मान चेंबरच्या टोकाला जाऊन आवळली जाते, गोळीला सुटायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. बाहेरून अशी पुंगळी बाकीच्यांसारखीच दिसते.

कापायला दोन प्रकारची हत्यारं होती. एक लेथसारखं, हँडलने फिरवायचं, कुठल्याही लांबीला लावता येणारं. दुसरं अगदी साधं: कटरच्या मध्यातून जाणारी ठरावीक लांबीची दांडी, ती पुंगळीच्या आतून बुडापर्यंत टेकली की कटर पुढे कापूच शकत नाही. .३०८ शिवाय दुसरं काहीच करायचं नव्हतं, म्हणून दुसरं घेतलं. त्यात लावायलाच काही नाही, त्यामुळे चुकीचं लागायचा प्रश्न नाही. कापल्यावर तोंडाला आतून-बाहेरून राहिलेली खरखरीत कड काढायला चँफरचं हत्यार, मुठीत मावणारं.

डायच्या बाबतीत फुल-लेंग्थ की नुसती मान दाबणारी, हा जुना वाद आहे. फुल-लेंग्थ घेतली, पण ती किती खोल लावायची यावर बोलणं लांबलं. डायबरोबरच्या कागदावर बहुधा लिहिलेलं असतं की शेलहोल्डरला टेकेपर्यंत फिरवा आणि वर थोडी आणखी. तसं केलं की पुंगळीचा खांदा काही रायफलींत गरजेपेक्षा जास्त मागे जातो. मग प्रत्येक वेळी झाडताना पुंगळी ताणली जाते आणि काही फेऱ्यांनंतर बुडाच्या जरा वर तिचे दोन तुकडे होतात. बोल्ट-ॲक्शनला झाडलेल्या पुंगळीपेक्षा खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे आला की पुरे. तो मोजायला कॅलिपरच्या जबड्यावर बसणारा कंपॅरेटर लागतो. हा यादीत वाढवला. सोबत एक फुकटचं अवजार: टोकाला वाकवून अणकुचीदार केलेली तार. पुंगळीत घालून बुडाजवळ आतून ओढली की कुठे खाच पडली असेल तर टोक अडकतं. बाहेरून त्याच जागी चमकदार रेघ दिसायला लागली असेल तर ती पुंगळी मोडीत.

डबे उपसले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. त्यातल्या बऱ्याच पुंगळ्या रेंजवर उचललेल्या होत्या, काही लष्करी ७.६२×५१च्या. बाहेरून माप जवळजवळ तेच. पण लष्करी पुंगळी सहसा जाडसर पितळेची, आत जागा कमी, म्हणून त्याच वजनाच्या दारूला दाब जास्त. शिवाय तिच्या प्रायमरभोवती पितळ ठोकून आवळलेलं असतं. ते काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही आणि त्यासाठी वेगळं हत्यार लागतं. थोड्या पुंगळ्या बर्डन पद्धतीच्याही निघाल्या. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत मधोमध एकच छिद्र असतं, डायची पिन त्यातून जाऊन जुना प्रायमर पाडते. बर्डनमध्ये मधोमध छिद्र नसतं, बाजूला दोन असतात. पिन घातली की मोडते. गंमत अशी की बर्डन अमेरिकी आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत चालते बॉक्सरची पद्धत, आणि बर्डनची रुजली ती युरोपात. तर त्या सगळ्या बाजूला काढल्या. उरल्या फक्त त्यांच्याच रायफलमधून झाडलेल्या, एकाच कंपनीच्या ठशाच्या. डबे भरून होत्या त्याची मूठभर झाली, पण कामाला तीच मूठ लायक होती.

प्रायमर, सफाई, टेबल

प्रायमर बसवायला हातातलं हत्यार घेतलं. प्रेसवरही बसवता येतो, पण प्रेसच्या लांब दांड्यातून बोटांना काही जाणवत नाही. हाताच्या पकडीत प्रायमर तळाला टेकल्याचं कळतं. तो पुंगळीच्या बुडाच्या पातळीच्या किंचित आत हवा, बोट फिरवून तपासायचं. वर राहिला तर बोल्ट बंद करतानाच उडण्याची भीती. .३०८ ला लार्ज रायफल प्रायमर. लार्ज पिस्तुल प्रायमरचा व्यासही तोच, ०.२१० इंच, पण तो उंचीला कमी आणि पत्र्याला पातळ, त्यामुळे अदलाबदल करायची नाही. संरक्षक चष्मा या टप्प्यासाठी तर लागतोच, आणि तो आधी घ्यायचा. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवायचे. सुटे बाटलीत ओतून ठेवणं म्हणजे स्फोटकाची बाटली भरून ठेवणं.

ओला टंबलर आणि ॲनीलिंग यंत्र यांवर फार बोलणं झालं नाही. मूठभर पुंगळ्यांना गरम पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि नंतर पूर्ण सुकवणं पुरतं. चकचकीतपणाने नेम सुधारत नाही. कोरड्या टंबलरची धूळ तर टाळलेलीच बरी, कारण झाडलेल्या प्रायमरच्या राखेत सहसा शिसं असतं. हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही आणि या टेबलावर तर कधीच नाही.

टेबलाबाबत एवढंच पाहिलं की ते भिंतीला बोल्टने आवळलेलं असावं. हलत्या टेबलावर दांड्याचा जोर कळत नाही आणि काट्याची दांडी स्थिर होत नाही.

पुस्तकांचा शेरा मी खोडला. छापील रीलोडिंग मॅन्युअल किमान दोन, वेगवेगळ्या कंपन्यांची, आणि ज्या कंपनीची दारू तिने स्वतः दिलेली माहिती. आकडे दोन्हीकडे पडताळायचे, सुरुवात नेहमी सुरुवातीच्या प्रमाणापासून, कमाल आकड्यापासून कधीच नाही. गोळी, प्रायमर किंवा पुंगळी बदलली की परत खालून. गोळीचं वजन तेच असलं तरी आकार वेगळा असेल तर दाब वेगळा येतो, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो. नेटवर कुणी लिहिलेलं प्रमाण वाचायला हरकत नाही, भरायला आहे.

काय आलं, काय झालं

घरी आलं ते असं: दोन मॅन्युअल, चष्मा, दांडीचा काटा, तपासणीची वजनं, कॅलिपर आणि कंपॅरेटर, सिंगल स्टेज प्रेस, .३०८ ची दोन डायची जोडी, शेलहोल्डर, वंगण, कटर, चँफरचं हत्यार, हातातलं प्रायमर हत्यार, चमचा, ट्रिकलर, नरसाळं, पन्नास भोकांचे दोन लाकडी ठोकळे. आणि गोळी उपसायची हातोडी. ती घेताना ते हसले होते, “चुकणारच असं धरूनच चाललात?” पहिल्याच तुकडीत तीन गोळ्या जास्त खोल गेल्या आणि हातोडी कामी आली.

वंगणाचा धडा लवकर मिळाला. हात आखडता घेतला आणि पुंगळी डायमध्ये अशी रुतली की शेलहोल्डरने तिची कडच उपटली. बुडाला भोक पाडून, आटे पाडून, स्क्रूने ओढून काढावी लागली. त्या कामाचा वेगळा सेट मिळतो, तो मी मुद्दाम यादीत घातला नव्हता, कारण बऱ्याच जणांना तो कधीच लागत नाही. त्यानंतर वंगण अति झालं. खांद्यावर साचलेल्या वंगणाने पुंगळीला पोचे पडले. अंगाला पातळ थर, मानेच्या आत किंचित, खांद्याला अजिबात नाही, इथे हात बसायला थोडे दिवस गेले.

काट्याचा प्रसंग मात्र सांगण्याजोगा आहे. धूळ पुसताना दांडीवरचं मोठं वजन सरकलं आणि परत ठेवताना शेजारच्या खाचेत बसलं. बारीक वजन बरोबर होतं, म्हणून नजर फसली. नेहमीप्रमाणे डबीतलं वजन पारड्यात ठेवलं तर दांडी जागची हलेना. थेट दारू मोजायला घेतली असती तर खाचेएवढी, ५ ग्रेनची चूक सगळ्या तुकडीत गेली असती आणि .३०८ मध्येही एवढी चूक सांडून दिसतेच असं नाही. त्या दिवसापासून त्यांनी एक पद्धत धरली: एका वेळी टेबलावर एकच दारूचा डबा, त्याच्या झाकणावर त्या दिवसाचं ठरलेलं वजन लिहिलेली चिठ्ठी, आणि सगळ्या पुंगळ्या भरून ठोकळ्यात उभ्या केल्यावर गोळी बसवण्याआधी टॉर्चने प्रत्येकीत पाहणं. पातळी सारखी दिसली नाही की ती ओतून परत मोजायची.

ग्रूप लहान झाला, हेतू साधला. कितीने, ते हवेवर आणि त्या दिवशीच्या खांद्यावर इतकं अवलंबून होतं की त्याचा सगळा मान मी काडतुसांना देणार नाही.

आता ते पिस्तुलाचा विषय परत काढतात. महिन्याला दोनशे काडतुसं सिंगल स्टेजवर करणं कंटाळवाणं आहे, हे मला मान्य आहे. माझं मत टरेटच्या बाजूने आहे, हाताने चकती फिरवायची सोय असलेला, आणि एक स्थानक रिकामं राहील असा, म्हणजे दारू पडल्यावर प्रत्येक पुंगळीत नजर टाकायला थांबता येईल. दारूही शक्यतो जास्त जागा घेणारी निवडायची, दुप्पट पडली तर निदान तोंडापर्यंत येईल अशी. ९ मिमीच्या कार्बाइडच्या तीन डाय, नवा शेलहोल्डर, स्मॉल पिस्तुल प्रायमर. दारू टाकायचं भांडं तेव्हा लागेल आणि दर दहा काडतुसांमागे एक वजन करून पाहावं लागेल. काटा नवा लागणार नाही. जुना प्रेस प्रायमर पाडायला शेजारीच राहील. त्यांना मात्र अजूनही प्रोग्रेसिव्हच हवा आहे आणि त्यावर दारूची पातळी कमी-जास्त झाली तर वाजणारी डाय बसवेन, असं ते म्हणतात. ती डाय चांगली असते. तिला पाचवं स्थानक लागतं, तेव्हा ते ज्या चार स्थानकांच्या यंत्रावर नजर ठेवून आहेत त्यावर ती बसवायला एखाद्या दुसऱ्या डायची जागा मोडावी लागेल, हे मी त्यांना कळवलं आहे.